जागतिक परिषदेत आमची विहीर

जगभरचे पुढारी कुठल्याशा थंड देशात जमून शाश्वत विकासावर चर्चा करणार होते आणि त्या चर्चेत भिवंडीतून आम्ही होतो. आम्ही म्हणजे आमच्या सोसायटीचं ज्येष्ठ नागरिक मंडळ. एरवी आमची चर्चा गुडघे, पेन्शन आणि टाकी भरल्यावर मोटार कोणी बंद करायची, यापलीकडे जात नाही. त्यामुळे ही बातमी मी बहिणीला फोनवर सांगितली तेव्हा तिनं आधी माझी तब्येत विचारली.

याला कारण आमची विहीर. ती आवारात मागच्या भिंतीला लागून आहे, इमारतीच्याही आधीपासूनची. बिल्डरनं ती बुजवली नाही, त्यात त्याचा चांगुलपणा किती आणि आळस किती हे त्याचं त्याला माहीत. भिंतीपलीकडे यंत्रमागाची शेड आहे आणि तिथले लूम दिवसरात्र खडखडत असतात. त्या खडखडाटात इतकी वर्षं राहिल्यामुळे आमचं साधं बोलणंही बाहेरच्या माणसाला भांडण वाटतं. परगावी लग्नाला गेलो की तिथले लोक आम्हाला जरा हळू बोला म्हणतात, आणि आम्हाला वाटतं यांच्या घरी कोणीतरी आजारी आहे.

आमचे हे तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि काही महिन्यांतच विहिरीचे झाले. सकाळी चहाच्या आधी खाली जायचं, जाळीनं पानं काढायची, दोरीला दगड बांधून पाणी बघायचं आणि वर आल्यावर मी “आज पाणी किती?” विचारलं की सांगायचं, “आज वीतभर खाली गेलंय.” मी पोह्यांना फोडणी देता देता “अरे बापरे” म्हणायचं, हे आमचं ठरलेलं. डास होऊ नयेत म्हणून त्यांनी विहिरीत गप्पी मासे सोडले. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपानं खाली आणलं, वाळू आणि कोळसा भरलेल्या पिंपातून गाळलं आणि विहिरीत सोडलं. त्या एका पाइपासाठी ते सोसायटीच्या कमिटीशी जेवढं बोलले तेवढं लग्न ठरवताना माझ्या वडिलांशीही बोलले नव्हते. पण मे महिन्यात सगळी गल्ली टँकरची वाट बघत असते तेव्हा आमच्याकडे धुण्याभांड्याला पाणी असतं, हेही खरं. फाटकाशी बसणारी पडघ्याकडची भाजीवालीसुद्धा तिथूनच कळशी भरून नेते आणि दिवसभर मेथीवर पाणी मारत बसते.

ही विहीर बुजवायचं घाटत होतं. कारण गाड्या. आमचं आवार बांधलं तेव्हा स्कूटर ही मोठी गोष्ट होती. पुढे मुलं मोठी झाली, जवळच्या वळ गावातल्या गोदामांमधून त्यांना चांगल्या नोकऱ्या लागल्या आणि एकेकानं गाडी घेतली. सोसायटीच्या अध्यक्षांच्या मुलानं तर एवढी मोठी घेतली की ती फाटकातून आत येताना अख्खी सोसायटी गॅलरीत उभी राहून सूचना देते. विहीर बुजवली तर तिथे गाड्या लागतील, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि मग ते सगळ्यांच्याच डोक्यात राहिलं. विषय येत्या सर्वसाधारण सभेत यायचा होता. तो मंजूर होणार यात कोणाला शंका नव्हती, कारण गाडीवाले पुष्कळ होते आणि विहीरवाला एकच.

“बाय, इहीर बुजवनार हाय म्हनं?” भाजीवालीनं मला विचारलं. “तुमचं मालक आता बोलत पन न्हाय कोनाशी.”

खरंच ते बोलत नव्हते. सकाळी खाली जात, वर येत आणि पेपर तोंडासमोर धरून बसत. एकदा मी नेहमीसारखं विचारलं, “आज किती आहे पाणी?” तर म्हणाले, “आता मोजून काय करायचंय?” मला ते ऐकवेना. नवऱ्याच्या विहिरीच्या वेडाची मी मनसोक्त चेष्टा करत आले आहे, पण चेष्टा करायची तर ते वेड शाबूत असावं लागतं. पेपरामागे गप्प बसलेल्या माणसाची कसली चेष्टा करणार? मला त्यांची काळजी वाटायला लागली होती, आणि काळजी वाटली की मी चिडचिड करते. त्या आठवड्यात आमच्याकडे भांडी फार आपटली गेली.

त्याच सुमारास मुंबईहून एक फोन आला. गच्चीच्या पाइपाचा आणि पिंपाचा व्हिडिओ सोसायटीतल्या कोणीतरी पूर्वी कधीतरी पुढे ढकलला होता, आणि तो फिरत फिरत या परिषदेचं काम बघणाऱ्या मुंबईतल्या एका संस्थेकडे पोचला होता. तिथली एक मुलगी आमच्याकडे आली. चुणचुणीत होती, आणि आमच्या आवाजाला घाबरून सुरुवातीला दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. तिनं समजावून सांगितलं की परिषदेत पुढाऱ्यांची भाषणं होतील, आणि मधे मधे जगातली काही गावं पडद्यावर थेट जोडली जातील. प्रत्येक गावाला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत गावानं आपलं काम थोडक्यात सांगायचं आणि जगासमोर एक वचन द्यायचं. एकच वचन, पण पाळता येईल असं.

“पण आम्हीच का?” मी विचारलं. आपल्याला कोणी काही देऊ केलं की माझ्या मनात आधी शंका येते.

ती प्रामाणिक होती. आधी वज्रेश्वरीच्या पलीकडचा एक पाडा ठरला होता, म्हणाली. तिथे झरा होता, जंगल होतं, लोक नाचूनही दाखवणार होते. फक्त मोबाइलला रेंज नव्हती. तेव्हा जगाला हवं होतं जंगल आणि मिळालो आम्ही.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. माणूस वाईट नाही. त्यांचा जीव दोन गोष्टींत आहे, मुलगा आणि माईक, आणि या वेळी माईकचं पारडं जड झालं. जगातले पुढारी आपलं ऐकणार म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते आम्ही त्यांच्या एकसष्टीलाही पाहिलं नव्हतं. अडचण एवढीच होती की वचन द्यायचं तर विहिरीचंच द्यायला हवं होतं, आणि विहीर तर बुजवायची होती.

मंडळाच्या बैठकीत यावर बराच खल झाला. शेवटी सर आमच्या यांच्याकडे वळले. “वचन तुम्हीच द्या,” म्हणाले. “ही विहीर आम्ही बुजवणार नाही, असं जगासमोर म्हणा. एकदा जगासमोर म्हटलं की झालं. मग सभेत मी कोणाचं ऐकणार नाही. माझ्या मुलाचंसुद्धा नाही.”

“आणि तिथे ते म्हणायचं राहूनच गेलं तर?” एका गाडीवाल्यांनी विचारलं. ते वकिली केलेले होते.

“राहायला काय झालंय?” सर म्हणाले. “पण राहिलंच, तर विषय सभेत येईल. ठरल्याप्रमाणे.”

म्हणजे सगळं त्या एका वाक्यावर आलं. हे बोलले तर विहीर राहणार, नाही बोलले तर जाणार. हे घरी आले, पेपर बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, “पाणी चांगलं आहे गं. वर आलंय थोडं.” मी “अरे वा” म्हटलं, आणि ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले. कांदा चिरत होते असंही म्हणता येईल, पण कांदा नव्हता.

यांनी भाषणाची तयारी जोरात सुरू केली. जोरात म्हणजे गच्चीवर जाऊन, पाण्याच्या टाकीसमोर. मी ऐकायला गेले की थांबायचे. आयुष्यभर कचेरीत वरिष्ठांसमोर “होय साहेब” एवढंच भाषण केलेला हा माणूस, पण ऐकवायला तयार नाही. इकडे सरांनी कार्यक्रमपत्रिका छापून आणली. ती पाहून मुंबईच्या त्या मुलीचा चेहरा उतरला. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांचा परिचय, वक्त्यांचा परिचय, वचन, आभारप्रदर्शन आणि चहापान. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. ते नेहमीच माझ्याकडे असतं, कारण मी शाळेत शिक्षिका होते आणि बाई आहे.

“सर, तिकडे थेट मुद्द्यावर येतात,” ती मुलगी म्हणाली.

“त्यांची पद्धत त्यांच्यापाशी,” सर म्हणाले. “पाहुणा दारात आला की आपण त्याला आधी बस म्हणतो ना? की लगेच काय काम काढलंत म्हणून विचारतो?”

“पण सर, इथे पाहुणे ते नाहीत. म्हणजे ते तिकडेच असतील.”

“तिकडे असोत नाहीतर इकडे. आपल्या पडद्यावर आले म्हणजे आपल्याकडे आले.”

तिनं पत्रिकेची घडी घातली. खरं सांगायचं तर सरांचं म्हणणं मला पटलं होतं. आमच्याकडे मुंजीपासून श्रद्धांजलीपर्यंत कुठलीही सभा प्रास्ताविकाशिवाय सुरू होत नाही. नुसतं उठून मुद्द्याचं बोलणारा माणूस आम्हाला उद्धट वाटतो. बऱ्याच वाटाघाटींनंतर सर एवढ्यावर तयार झाले की स्वागतगीताचं एकच कडवं घ्यायचं.

परिषदेच्या दिवशी दुपारपासूनच सोसायटीच्या हॉलमध्ये गर्दी झाली. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. यांनी पांढरा शर्ट घातला होता आणि वरचं बटण लावल्यामुळे त्यांना श्वास घेता येत नव्हता. मी ते काढा म्हटलं तर म्हणाले, “राहू दे, सुटसुटीत नको.” म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. लूम मात्र खडखडत होते. अशा आवाजात जगाला काही ऐकू जाणार नाही, असं त्या मुलीनं सांगितलं, म्हणून मी मागच्या शेडच्या मालकांकडे गेले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो.

“चाचा, दुनिया से बात करनी है. थोडी देर लूम बंद रखेंगे?”

चाचांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. “भाभी, आपके लिए बंद करता हूँ. पर दुनिया को बोलना जल्दी निपटाए. माल आज ही जाना है.”

ठरल्या वेळी लूम थांबले आणि आम्ही सगळे दचकलो. असली शांतता आम्हाला सोसत नाही. पंख्याची कुरकुर ऐकू आली, कोणाच्या तरी पोटातली गुडगुड ऐकू आली, आणि ती आपली नाही असं दाखवत प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागला. एवढ्यात पडदा उजळला. केवढा तरी मोठा हॉल, रांगेनं बसलेले गंभीर चेहऱ्यांचे पुढारी, कानात यंत्रं, आणि मधे निळ्या कोटातल्या, पिकल्या केसांच्या अध्यक्षबाई. त्यांनी हसून आमच्या गावाचं नाव घेतलं. चुकलं नाही. हॉलमध्ये टाळ्या झाल्या.

स्वागतगीताचं एक कडवं झालं. मग दीपप्रज्वलन. पंख्यामुळे ज्योत टिकेना म्हणून पंखे बंद केले. मग सर माईकशी आले. लूमच्या आवाजावर मात करत चाळीस वर्षं प्रार्थना घेतलेला तो गळा त्या शांततेत मोकळा सुटला आणि पडद्यावरच्या पुढाऱ्यांचे हात एकदम कानांकडे गेले. सरांनी प्रास्ताविकात भिवंडीचा इतिहास थोडक्यात घेतला. थोडक्यात म्हणजे खाडीपासून. ती मुलगी भराभर इंग्रजीत सांगत होती, पण बंदर आणि जुन्या पेठा येईपर्यंत तिचा श्वास संपला आणि ती नुसतीच मान हलवू लागली.

मग पाहुण्यांचा सत्कार. मंडळाच्या दोघी जणी शाल उलगडून पडद्यावरच्या अध्यक्षबाईंच्या खांद्याच्या उंचीला धरून उभ्या राहिल्या. कॅमेरा तिथेच होता. त्यामुळे जगातल्या पुढाऱ्यांना त्या वेळात आमच्या शालीखेरीज काही दिसलं नसणार. शाल खाली झाली तेव्हा त्या बाई हात जोडून बसलेल्या दिसल्या. तिथल्या इतक्या सगळ्यांत काय चाललंय हे त्यांनाच समजलं होतं, आणि मला त्या फार आवडल्या. नारळही दाखवला. नंतर सरांनी त्यांचा परिचय वाचला. त्यांचा जन्म कुठे झाला, शिक्षण कुठे झालं, ही आपल्याच आयुष्याची हकिगत त्या बाई मन लावून ऐकत होत्या.

मी यांच्याकडे पाहिलं. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ती मुलगी सरांना मनगट दाखवत होती. सरांनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि म्हणाले, “आता ज्यांना परिचयाची मुळीच गरज नाही, त्यांचा परिचय मी थोडक्यात करून देतो.”

आमचे हे उठले. ते माईकपाशी गेले. चष्मा नीट केला. कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“नमस्कार,” म्हणाले.

आणि पडद्यावर डोंगर आले. उंच टोप्या घातलेली माणसं एका ओळीत उभी होती, आणि एकानं दोन वाक्यांत काहीतरी सांगून टाकलं. तिकडच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्यांचं वचन देऊनही झालं होतं.

“वेळ संपली, सर,” ती मुलगी खालच्या आवाजात म्हणाली. “ते आपोआप पुढे जातं.”

“अहो, पण मुख्य तर राहिलं!” सर म्हणाले. त्यांना खरोखर धक्का बसला होता. इतक्यात भिंतीपलीकडे चाचांनी लूम सुरू केले. आमची वेळ झाली होती आणि त्यांचा माल जायचा होता, त्यांची काही चूक नाही. त्या खडखडाटात हे तसेच माईकपाशी उभे होते. तोंड किंचित उघडं. मग कोणीतरी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं.

“असो,” वकिली केलेले गाडीवाले म्हणाले, “प्रयत्न तर केला आपण. बाकीचं सभेत बघू.” त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता. त्यांनी फक्त गाडीची किल्ली खिशातल्या खिशात चाचपली, तेवढं मला दिसलं.

तरी कोणी उठलं नाही. आभार व्हायचे होते, आणि आभाराशिवाय चहा येत नाही. जग निघून गेलं म्हणून आमचा कार्यक्रम अर्धा कसा राहणार? सरांनी बसल्या जागेवरून मला खूण केली.

मी उठले ती रागातच. सरांवर, शालीवर, डोंगरातल्या त्या टोपीवाल्यांवर आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या नवऱ्यावर, की “नमस्कार” कसला म्हणताय, आधी विहीर म्हणा! मनात काही बेत नव्हता. आभार मानायला बेत लागतच नाही. ते आपोआप तोंडातून येतात आणि तसेच कोणाच्याही कानात न शिरता जातात. ज्याचं नाव घ्यावं तो हात जोडतो, बाकीचे टाळ्या वाजवतात आणि सगळ्यांचं लक्ष समोशांकडे असतं. लूमच्या वर आवाज चढवून मी सुरुवात केली. निळ्या कोटातल्या बाईंचे आभार. टाळ्या. जगातल्या सर्व उपस्थित पुढाऱ्यांचे आभार. टाळ्या. लूम बंद ठेवणाऱ्या चाचांचे, खुर्च्यावाल्यांचे, मुंबईहून आलेल्या मुलीचे आभार. टाळ्या, टाळ्या, टाळ्या. आणि मग माझी नजर यांच्यावर गेली. ते वरचं बटण काढत होते.

“आणि सर्वांत शेवटी,” मी म्हटलं, “आपली विहीर बुजवणार नाही असं वचन आज जगाला दिल्याबद्दल, आणि येत्या सभेत ते पाळणार असल्याबद्दल, मी आपल्या अध्यक्षांचे सर्वांच्या वतीनं मनःपूर्वक आभार मानते.”

टाळ्या झाल्या. गाडीवाल्यांनीही वाजवल्या, हातांना सवय असते. सर सवयीनं उठले, हात जोडले, उजवीकडे वाकले, समोर वाकले आणि डावीकडे वाकता वाकता थांबले. मी काय म्हणाले ते तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचलं. हॉलमध्ये हळूहळू सगळ्यांपर्यंतच पोचत होतं.

ती मुलगी पहिल्यापासून मोबाइलवर चित्रण करत होती. ती पुढे आली. “सर, वेळेत झालं नाही तरी वचन नंतर पाठवलेलं चालतं. हे पाठवू?” आणि मोबाइल तिनं त्यांच्याकडे वळवला.

सर अजून हात जोडूनच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या रांगेतल्या मुलाकडे पाहिलं, आणि मग मोबाइलच्या त्या बारीकशा भिंगाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूच तेजाळला.

“पाठवा,” म्हणाले. “पण माझं नाव नीट लिहा.”

चहाच्या वेळी ते कप घेऊन माझ्याजवळ आले. “बाई, माझ्या शाळेत असतात तर तुम्हाला वर्गाबाहेर उभं केलं असतं.”

“सर, मानलेले आभार परत घ्यायची सोय असते का?”

ते मोठ्यानं हसले आणि माझ्या बशीत आणखी एक समोसा ठेवला. पुढे सभेत त्यांनी शब्द पाळला. मुलाशी त्यांचं थोडे दिवस बोलणं बंद होतं, पण विषय त्यांनी टेबलावरच येऊ दिला नाही. मुलाची ती प्रचंड गाडी आता गल्लीत उभी असते आणि कावळ्यांना फार सोयीची झाली आहे.

त्या संध्याकाळी मी घरी आले ती लढाई जिंकल्याच्या थाटात. मला वाटलं होतं हे आनंदानं नाचतील, निदान दोन शब्द तरी बोलतील. तर हे आपले पलंगावर बसून मोजे काढत होते, एकेक करून, अगदी सावकाश.

“अहो, विहीर वाचली ना?”

“वाचली.”

“मग?”

“मग काही नाही. छान झालं. तू छान बोललीस.”

मला आधी राग आला, आणि मग कळलं. इतके दिवस टाकीसमोर उभं राहून पाठ केलेलं सगळं त्यांच्या पोटात तसंच अडकून राहिलं होतं. विहिरीचं काम झालं होतं, पण यांचं झालं नव्हतं. मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. “बोला,” म्हटलं. “मी ऐकते.”

“आता काय उपयोग?”

“मला ऐकायचंय.”

ते उठले. स्वयंपाकघराच्या दारात, पायात एकच मोजा, असे उभे राहिले. लूमचा आवाज इतका होता की त्यांना ओरडूनच बोलावं लागलं.

“नमस्कार,” ते ओरडले. “मी निवृत्त झालो तेव्हा सकाळी उठून काय करायचं ते मला कळत नसे. घरात मी बायकोच्या पायात पायात यायचो. तिला तिची कामं होती. मला वाटायचं, आता आपली कुणाला गरज उरली नाही. मग एक दिवस ती म्हणाली, विहिरीत पानं पडलीत, जरा बघता का? मी बघायला गेलो. तेव्हापासून रोज जातो. वर आलो की ती मला विचारते, आज पाणी किती? ती विचारते म्हणून मी मोजतो. तिला त्यातलं काही कळत नाही, तरी ती विचारते. ही विहीर राहिली पाहिजे. एवढंच मला सांगायचं आहे.”

मला ते पानांचं आठवतही नव्हतं. म्हटलं असेन. त्या दिवसांत ते ओट्याशी उभे राहून डब्यांची झाकणं उघडून बघत, आणि त्यांना तिथून हलवायला मी काहीही म्हटलं असेन. विहिरीत पानं पडतातच, त्यात बघायचं काय असतं? हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या खडखडाटात साधं बोललेलं काही ऐकूही गेलं नसतं. मी उठले आणि अगदी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, “हे सगळं तुम्ही जगासमोर बोलणार होतात?”

“तिथे सोपं होतं,” ते खाली बघत म्हणाले. “तिथे कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं होतं. तुझ्याकडे बघावं लागलं नसतं.”